नावाची हद्द, नावाचे आयुष्य

१९९६च्या एप्रिल महिन्यात आमच्या शाळेचा नववीचा निकाल पहिल्यांदाच संगणकावर तयार झाला. त्या वेळी मी सहायक शिक्षक होतो. एम. ए. केले ते इतिहासात. पण सहा महिने संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बेसिक नावाची संगणकाची भाषा शिकलो होतो आणि तेवढ्या भांडवलावर शाळेने यंत्राच्या खोलीची किल्ली माझ्या हाती दिली होती.

निकालाचा कागद व्हरांड्यातल्या फळ्यावर लावून अर्धा तास झाला नसेल, तोच एक गृहस्थ मुलीला घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. मागावर काम करणारे. सदऱ्यावर सुताचे तंतू तसेच चिकटलेले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "सर, पोरगी रात्री बारापर्यंत वाचत बसायची ओ. सहामाहीला गणितात सत्तर होते तिला. आता तीन कसे ओ?" मुलगी काहीच बोलली नाही, चौकटीचा रंग नखाने खरवडत उभी होती. मग ते जरा थांबून म्हणाले, "आमचे थोरले म्हणायलेत, नापास झाली तर आता बस झाली शाळा. म्हणून विचारायला आलो."

कपाटातून उत्तरपत्रिका काढली. गणितात ७१ गुण होते.

चूक कुठे झाली हे सापडायला दुपार गेली. आज्ञावली आम्ही दोघांनी मिळून लिहिली होती. विषयवार गुण भरून घेणे, बेरीज करणे आणि छापणे हा भाग माझा. कुणी एखाद्या विषयात दोन-चार गुणांनी अडकला तर त्याला कृपागुण देण्याचा भाग गणिताच्या सरांचा. मी प्रत्येक विषयाला एक इंग्रजी अक्षर नेमले होते, गणिताला 'जी'. सरांनी कृपागुणांना, म्हणजे ग्रेसला, अक्षर नेमले तेही 'जी'च. दोघांनी आपापल्या घरी, आपापल्या वहीत लिहिले होते, आणि आपापल्या जागी दोघांचेही बरोबर होते. पण आमच्या यंत्रावरच्या बेसिकमध्ये आज्ञावलीचे कितीही भाग पाडा, एका अक्षराचा खण एकच. त्या मुलीला विज्ञानात ३२ गुण होते. सरांच्या भागाने ३५मधून ३२ वजा केले, उरलेले ३ 'जी'च्या खणात ठेवले, ते विज्ञानात मिळवले, बेरजेतही मिळवले. मग काम पुन्हा माझ्या भागाकडे आले. त्याने गणिताचे गुण म्हणून 'जी'चा खण उघडला, तर आत ३. आणि ३ म्हणजे नापास.

कृपागुण मिळालेली मुले अकरा होती. अकराही नापास छापली गेली. ज्यांना कृपागुण लागलेच नव्हते त्यांचा निकाल बिनचूक होता, म्हणून आदल्या दिवशी वरवर तपासताना आमच्या काही लक्षात आले नाही. उत्तीर्ण करण्यासाठी दिलेल्या गुणांनीच मुलांना अनुत्तीर्ण केले.

ती दुपार माझ्या मनातून गेली नाही. पुढे सवड मिळेल तसे मी या विषयावरचे वाचत गेलो, तेव्हा कळले की आम्ही ज्या खड्ड्यात पडलो तो फार जुना आहे. तो बुजवण्याची रीतही आमच्या निकालाच्या ३६ वर्षे आधीच लिहिली गेली होती. हा इतिहास संगणकाच्या पुस्तकात सहसा एका परिच्छेदात उरकतात. इतिहासाच्या शिक्षकाने तो जरा सविस्तर सांगितला, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

खणाचा क्रमांक आणि खणाचे नाव

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची लांबच लांब रांग. प्रत्येक खणात एक आकडा मावतो. सुरुवातीच्या काळात आज्ञा लिहिणाऱ्याला हे क्रमांकच लक्षात ठेवावे लागत. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आपल्याकडचे पहिल्या पिढीतले एक मोठे यंत्र देशातच घडवले गेले आणि १९६० साली ते चालू झाले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्याच्या स्मृतीत २०४८ खण होते. आजच्या साध्या मोबाइलमध्येही त्याच्या लाखो पट जागा असते. पण २०४८ खणांतही कुठल्या खणात काय ठेवले हे डोक्यात ठेवणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

म्हणून क्रमांकाऐवजी नावे आली. अमेरिकेत आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या तुकडीने फोरट्रान ही भाषा तयार केली आणि १९५७ साली ती ७०४ या यंत्रासाठी बाहेर पडली. आता माणसाने नाव लिहायचे आणि कोणते नाव कोणत्या खणात हे यंत्राने पाहायचे. बीजगणितातल्या 'क्ष'सारख्या या नावांना चल म्हणतात, कारण खण तोच राहून आतला आकडा बदलत असतो.

नाव आले की लगेच दोन प्रश्न येतात. पहिला, हे नाव कुठवर चालते? दुसरा, त्यामागचा खण कधीपर्यंत राखून ठेवायचा? पहिल्याला हद्द किंवा व्याप्ती म्हणू, दुसऱ्याला आयुष्य. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे प्रश्न परके नाहीत. जुनी सनद हाती आली की आपण हेच विचारतो: ही कोणत्या परगण्यात लागू, आणि हे इनाम हयातीपुरते की वंशपरंपरेने? हद्द आणि मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका लहानशा गावापुरते इनाम पिढ्यान् पिढ्या चालू शकते, आणि सबंध सुभ्याचा अधिकार दोन वर्षांत संपू शकतो.

१९५८ साली फोरट्रानची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात उपआज्ञावलीची, म्हणजे वेगळा लिहून हवा तेव्हा बोलावता येईल अशा भागाची सोय झाली. प्रत्येक उपआज्ञावलीची नावे तिची स्वतःची. आमचे 'जी' त्या भाषेत एकमेकांवर आदळले नसते. दोन भागांना काही सामाईक ठेवायचे असेल तर 'कॉमन' नावाची जाहीर जागा होती. गंमत अशी की ही जागा नावाने नव्हे तर क्रमाने वाटली जाई; एका भागाने तिसऱ्या खणाला एक नाव द्यावे आणि दुसऱ्याने त्याच खणाला वेगळेच. आपल्या भागात एकाच गावाचे नाव एका पाकिटावर एका तऱ्हेने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते, तरी पोस्टमन दोन्ही त्याच दारात टाकतो. तसा हा प्रकार. मात्र क्रम लिहिताना एक नाव गळले की पुढची सगळी पाकिटे शेजारच्या घरी.

आयुष्याचा प्रश्न फोरट्रानने अगदी सोपा करून टाकला होता. आज्ञावली चालू व्हायच्या आधीच प्रत्येक चलाचा खण ठरे आणि ती संपेपर्यंत तो अडवलेला राही. उपआज्ञावलीचे काम दोन क्षणांचे असले तरी तिचे खण कायमचे राखीव. हद्द लहान, पण मुदत पुरी.

पॅरिसमधले तेरा जण

जानेवारी १९६०मध्ये पॅरिसला तेरा जण एकत्र आले. कुणी अमेरिकेचे, कुणी जर्मन, कुणी डच, कुणी इंग्रज. कोणत्याही एका कंपनीच्या यंत्राला बांधलेली नसेल अशी सर्वांची मिळून एक भाषा ठरवायची होती. तिचा पहिला मसुदा १९५८ साली झुरिकच्या बैठकीत झाला होता. अमेरिकन गटातले विल्यम टुरान्स्की या बैठकीच्या अगदी तोंडावर मोटारीच्या अपघातात गेले. बैठकीचा अहवाल त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. अहवालाचे संपादन पीटर नाउर या डॅनिश गृहस्थांनी केले. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. भाषेचे नाव अल्गोल ६०.

अल्गोलमध्ये 'बिगिन' आणि 'एंड' या दोन शब्दांच्या मधल्या मजकुराला ब्लॉक म्हणत. आपण त्याला वाडगे म्हणू, कुंपण घातलेली जागा. वाडग्याच्या तोंडाशी जी नावे जाहीर केली ती त्या वाडग्यापुरती. आत शिरताना त्यांचा जन्म, बाहेर पडताना शेवट. वाडग्यात आणखी लहान वाडगे असू शकते; आतल्याला बाहेरची नावे दिसतात, बाहेरच्याला आतली दिसत नाहीत. आत आणि बाहेर एकच नाव असेल तर आत असेपर्यंत आतले खरे. बाहेरचे पुसले जात नाही, फक्त झाकले जाते. हद्द आणि आयुष्य दोन्ही एकाच कुंपणाने ठरवली गेली. मागचा आकडा राखून ठेवायची गरज कुणाला पडली तर 'ओन' असा शब्द नावामागे लावायचा. मग नाव वाडग्यापुरतेच राही, पण खण पुढच्या खेपेपर्यंत टिके. हा 'ओन' पुढे अंमलात आणणाऱ्यांना बराच अवघड गेला. पण दोन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी देता येतात, हे त्या एका शब्दात मान्य झाले होते.

याला लागूनच एक गोष्ट घडली. फेब्रुवारी १९६०मध्ये अहवाल छापायला जाण्याआधी आमस्टरडॅमहून आद्रियान व्हान वाइनहार्डन आणि एड्स्गर डायक्स्ट्रा यांनी नाउर यांना फोन केला आणि एक वाक्य घालायला सांगितले. त्या वाक्याचा अर्थ असा होता की एखाद्या उपआज्ञावलीला स्वतःच स्वतःला बोलावता येईल. बैठकीतल्या काही सभासदांना हा चोरटा शिरकाव वाटला. पण वाक्य राहिले, आणि त्याने आयुष्याच्या प्रश्नाला वेगळेच वळण दिले.

१ पासून ५ पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार हवा आहे असे धरा. ५चे काम करणारा म्हणतो, आधी ४ पर्यंतचा काढून आण, मग मी त्याला ५ने गुणतो. ४चे काम करणारा हेच ३ला सांगतो. असे १ पर्यंत उतरायचे आणि गुणत गुणत वर यायचे. यात पाच जण एकाच वेळी थांबलेले असतात, आणि प्रत्येकाने आपला आकडा जपून ठेवलेला असतो. फोरट्रानच्या रीतीने एका नावाला एकच कायमचा खण दिला तर ४चे काम सुरू होताच ५ पुसला जाईल. म्हणजे नाव एक असले तरी प्रत्येक बोलावण्याला नवा खण हवा, आणि काम झाल्यावर तो मोकळा व्हायला हवा.

उत्तर आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात होते: उतरंड. मडक्यावर मडके. नवे मडके वर चढते, आणि काढायचे तर वरचेच आधी. ज्याला शेवटी बोलावले त्याचे काम आधी संपते, म्हणून त्याचे खण सर्वांत वर ठेवायचे आणि काम होताच उतरवायचे. फ्रीडरिश बाउअर आणि क्लाउस झामेल्सन यांनी जर्मनीत १९५७ सालीच अशा रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तिला ते तळघर म्हणत. डायक्स्ट्रा यांनी १९६०मध्ये उपआज्ञावल्यांसाठी उतरंडीची रीत मांडली, आणि त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत त्यांनी व याप झोनेव्हेल्ड यांनी एक्स-१ या डच यंत्रावर अल्गोल ६० चालवूनही दाखवली. आजही आपल्या खिशातल्या फोनमध्ये प्रत्येक क्षणाला अशा उतरंडी चढत-उतरत असतात.

अप्पा कोण?

त्याच काळात अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी लिस्प नावाची भाषा घडवीत होते. तिच्यात एक वेगळाच गुंता निघाला. तो समजावून घ्यायला आमच्या जुन्या वाड्यात जाऊ या.

वाड्याच्या पुढच्या अंगाला आमचे बिऱ्हाड, मागच्या अंगाला एक कन्नड कुटुंब. आमच्या घरात थोरल्या काकांना सगळे अप्पा म्हणत. मागच्या बिऱ्हाडात अप्पा म्हणजे वडील, त्यांच्या भाषेप्रमाणे. एरवी कधी अडचण आली नाही. ज्या घरात हाक, त्या घरातले अप्पा. एका रविवारी काका मागच्या बिऱ्हाडात पत्ते खेळायला बसले होते. आईने चिठ्ठी लिहून माझ्या हाती दिली: अप्पांना चहाला पाठवून द्या. चिठ्ठी त्या घरच्या थोरल्या मुलाने वाचली. थोड्याच वेळात त्याचे वडील धोतर सावरीत आमच्या ओसरीवर हजर. आईने पदर सावरून त्यांना पाट दिला, चहा दिला आणि मला डोळ्यांनी दटावले. काकांना त्या दिवशी चहा उशिरा मिळाला.

चिठ्ठीतल्या अप्पांचा अर्थ कशावरून लावायचा? जिथे लिहिली त्या घरावरून, की जिथे वाचली त्या घरावरून? सुरुवातीच्या लिस्पमध्ये वाचणाऱ्याच्या घरावरून लावला जाई. एका उपआज्ञावलीत लिहिलेले नाव, ती जिथून बोलावली गेली तिथल्या त्याच नावाला जाऊन चिकटे. जेम्स स्लॅगल यांच्या एका आज्ञावलीत याने घोटाळा केला आणि त्यांनी मॅकार्थींकडे तक्रार नेली. मॅकार्थींना ती किरकोळ चूक वाटली. स्टीव्ह रसेल ती लवकरच काढून टाकतील असे ते म्हणाले. हे त्यांनी पुढे स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. चूक किरकोळ नव्हती. अलोन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात ज्या गणितात हा प्रश्न नीट मांडला होता, त्या गणितातली खूण मॅकार्थींनी उचलली होती, पण तिच्यामागचा नियम पुरता आला नव्हता. १९७५ साली एमआयटीमध्येच जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी स्कीम ही लहानशी भाषा केली आणि तिच्यात जिथे लिहिले तिथला अर्थ हा नियम घातला. १९८४च्या कॉमन लिस्पनेही तोच मानला. आज प्रचारात असलेल्या बहुतेक भाषा याच नियमाने चालतात.

यात एक साधे शहाणपण आहे. लिहिणाऱ्याला पुढचा वाचणारा कोण हे माहीत नसते. त्याच्या शब्दाचा अर्थ परक्या घरात जाऊन बदलणार असेल, तर त्याने कितीही काळजीने लिहिले तरी उपयोग नाही.

पण या नियमाला किंमत मोजावी लागते. चिठ्ठी बाहेर फिरत असेल तर ती लिहिली गेली ते घर मोडून चालत नाही. आतल्या नावांचे खण काम संपल्यावरही जपावे लागतात. म्हणजे उतरंड पुरत नाही. अशा खणांसाठी वेगळा ढीग ठेवावा लागतो, आणि ढीग म्हटला की झाडलोट आली. मॅकार्थींच्या १९६०च्या निबंधात झाडलोटीचीही रीत आहे: ज्या खणापर्यंत पोहोचायला आता एकही नाव उरलेले नाही, तो खण यंत्राने आपोआप परत घ्यावा. माणसांच्या बाबतीतही असेच नाही का? ज्याचे नाव घेणारे कुणी उरले नाही, त्याची जागा दुसऱ्याला जाते.

सोडून गेलेल्याचा पत्ता

१९७२च्या सुमारास बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी सी ही भाषा तयार केली. सीमध्ये वाडग्याची हद्द आहे, उतरंड आहे, मागचा आकडा टिकवणारा 'स्टॅटिक' शब्द आहे. पण ढिगातला खण मागणे आणि परत करणे हे लिहिणाऱ्याच्या हाती सोपवलेले आहे. शिवाय खणाचा पत्ता काढून तो कुणालाही देता येतो. इथे नवे संकट उभे राहिले. खण मोकळा झाला तरी त्याचा पत्ता कुणाच्या तरी खिशात उरतो. जागा सोडून गेलेल्या भाडेकरूच्या पत्त्यावर मनीऑर्डर यावी आणि नव्या बिऱ्हाडाने ती घ्यावी, तसे होते. नाव आहे, आयुष्य संपलेले आहे.

हे नुसते पुस्तकी संकट नाही. क्रोमियम या ब्राउझर प्रकल्पाने २०२०मध्ये जाहीर केले की त्यांच्याकडच्या गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या चुकीच्या हाताळणीतून आलेले होते, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे सोडून दिलेला खण पुन्हा वापरल्यामुळे. परक्याच्या यंत्रात शिरणाऱ्यांना असले दोष हवेच असतात.

यावरचा अलीकडचा मोठा उपाय रस्ट या भाषेत आहे. ग्रेडन होअर यांनी २००६ साली ती स्वतःपुरती सुरू केली. तिची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५मध्ये आली. तिथे प्रत्येक वस्तूला एक मालक असतो. मालकाचे वाडगे संपले की वस्तूचे आयुष्य संपले. दुसऱ्याला ती उसनी देता येते, पण उसनवारी मालकापेक्षा जास्त दिवस टिकता कामा नये. आज्ञावली चालण्याआधीच हे तपासले जाते आणि जुळले नाही तर ती चालूच दिली जात नाही. शेजारून आणलेली वाटी शेजाऱ्यांचे बिऱ्हाड हलायच्या आत परत गेली पाहिजे, असा हा हिशेब.

माहीत असलेले का पोहोचले नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १९६० साली जे ठरले होते ते १९९६ साली आमच्या शाळेपर्यंत का आले नव्हते?

जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ साली डार्टमथ महाविद्यालयात बेसिक तयार केली, ती गणित-विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही यंत्र वापरता यावे म्हणून. हेतू उदार होता. सोपेपणासाठी चलाचे नाव म्हणजे एक अक्षर, फार तर त्यापुढे एक अंक. सगळी मिळून २८६ नावे, आणि सर्वांची हद्द अख्खी आज्ञावली. दहा-वीस ओळींच्या अभ्यासाला हे पुष्कळ होते. पुढे घरगुती संगणक आले, त्यांच्याबरोबर बेसिक घरोघर गेली, आणि तिच्यात दहा-वीस नव्हे तर हजार ओळी लिहिल्या जाऊ लागल्या. आमच्या यंत्रावर लांब नावे चालत होती, पण एका अक्षराची सवय शिकवणीतूनच आलेली होती.

इशारे मिळत नव्हते असे नाही. १९७३ साली विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी सर्वत्र चालणारी नावे घातक आहेत असे मथळ्यातच सांगणारा लेख छापला. १९८४-८५च्या सुमारास केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून आपल्याकडच्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो ही यंत्रे आली. सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या त्यांच्या बेसिकमध्ये 'लोकल' हा शब्द होता. तो नावामागे लावला की ते नाव त्या भागापुरते. आमच्या वाट्याला आलेल्या बेसिकमध्ये उपआज्ञावलीसाठी तशी सोय नव्हती.

आणि चूक पुन्हा करण्यात मोठमोठे लोकही मागे नाहीत. १९९५ साली ब्रेंडन आईक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्ट उभी केली. तिच्यात 'व्हार' शब्दाने जाहीर केलेले नाव जवळचे वाडगे मानीत नसे. आणि जाहीर करायचे राहून गेलेल्या नावाला पहिली किंमत दिली की ते थेट सबंध आज्ञावलीचे होऊन बसे. वाडगे मानणारा 'लेट' हा शब्द तिला २०१५ साली मिळाला. अल्गोलनंतर पंचावन्न वर्षांनी.

मला यातून जे कळले ते एवढेच. सगळ्यांना सगळे दिसावे, सगळ्यांनी सगळे वापरावे, यात मोकळेपणा वाटतो. पण दोन माणसे जिथे मिळून काम करतात, तिथे प्रत्येकाला आपल्यापुरती जागा नसेल तर दोघेही प्रामाणिक असूनही एकमेकांचे काम पुसून टाकतात. गणिताचे सर माझ्यापेक्षा कितीतरी काटेकोर. त्यांच्या भागात एकही चूक नव्हती. माझ्या भागातही नव्हती. चूक त्या दोन भागांच्या मधल्या नसलेल्या कुंपणाची होती. आणि कुंपण नाही हे माहीत असूनही आम्ही एकमेकांच्या वह्या पाहिल्या नाहीत, हा दोष मात्र आमचाच.

त्या संध्याकाळी अकराही निकाल हाताने लिहिले, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि सायकलवरून घरोघर पोहोचवले. मागावरच्या त्या गृहस्थांच्या घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. थोरले, म्हणजे मुलीचे आजोबा, दाराशीच बाजेवर बसले होते. त्यांना मराठी वाचता येत नव्हते, कन्नड येत होते. मुलीनेच कागद घेऊन त्यांना एकेक विषय कन्नडमधून वाचून दाखवला. गणिताशी ती थांबली, आणि आकडा दोनदा म्हणाली. आजोबांनी मान हलवली. जूनमध्ये ती दहावीच्या वर्गात बसली.

दुसऱ्या दिवशी गणिताचे सर आणि मी यंत्राशेजारी बसून एक कागद केला. ए पासून एम पर्यंतची अक्षरे माझी, एन पासून झेड पर्यंतची त्यांची. भाषेत हद्द आखायची सोय नव्हती, म्हणून ती कागदावर आखली आणि पडद्याच्या कडेला चिकटवली. ते यंत्र भंगारात गेले तेव्हा मी तो कागद सोडवून घेतला. आता शाळेत मुले पायथन शिकतात. चलाची व्याप्ती हा पाठ आला की संगणकाच्या बाई माझ्या टेबलाच्या खणातून तो मागून नेतात, आणि तास संपल्यावर आठवणीने परत आणून ठेवतात.